स्वतःविषयीचे सत्यवाक्य

आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेसाठी लेख लिहावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्ही शाळेच्या वाटचालीविषयी लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती वाटचाल या अंकात इतर मान्यवरांनी साधार मांडलेली आहे. आम्हास मात्र वसतिगृहातील मूल रात्री दिवे मालवल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःशी जे बोलते, त्या बोलण्याविषयी लिहावेसे वाटते. वर्गात आम्ही काय शिकवले, हे निकालपत्रकात उमटते. मूल स्वतःला काय सांगते, त्याची नोंद कोणत्याच पत्रकात होत नाही. तीस वर्षांच्या अध्यापनानंतर आमचे मत असे झाले आहे की, मुलाच्या पुढील आयुष्याचा मोठा भाग या नोंद न होणाऱ्या बोलण्यावर उभा राहतो किंवा कोसळतो.

अलीकडे ‘सकारात्मक स्वयंसूचना’ किंवा ‘अफर्मेशन्स’ या नावाने एक प्रथा सर्वत्र रूढ होत आहे. सकाळी उठून आरशासमोर उभे राहावे, ‘मी यशस्वी आहे’, ‘मी सर्वोत्तम आहे’ अशी वाक्ये ठराविक वेळा म्हणावीत, म्हणजे आत्मविश्वास वाढतो, असे सांगितले जाते. ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील एमिल कुए (१८५७–१९२६) या औषधविक्रेत्याने नान्सी या शहरात असे उपचार केंद्रच चालवले होते. आपण सर्व बाबतींत दिवसेंदिवस सुधारत आहोत, अशा आशयाचे एक वाक्य सकाळी आणि रात्री वीस वीस वेळा म्हणण्यास तो आपल्या रुग्णांना सांगे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात त्याची कीर्ती युरोप-अमेरिकेत पसरली होती. शंभर वर्षांनी तीच कल्पना भित्तिपत्रकांच्या आणि भ्रमणध्वनीवरील संदेशांच्या रूपाने आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत आली आहे. तिच्यात तथ्य किती आणि आपल्या मुलांसाठी तिचा उपयोग कोणता, हा प्रश्न म्हणून आमच्यासमोर उभा राहिला.

या प्रश्नाकडे आम्ही इतिहासाच्या वाटेने जाऊ इच्छितो. कारण पुन्हा पुन्हा उच्चारलेले वाक्य माणसाच्या मनात घर करते, हे सिद्ध करण्यासाठी आपल्या समाजाला कोणत्याही फ्रेंच औषधविक्रेत्याची गरज नाही. आपल्या पूर्वजांवर शेकडो वर्षे हाच प्रयोग झाला, फक्त उलट दिशेने. जन्मताच मुलाला कचरू, धोंड्या, उकिरड्या अशी नावे मिळत. गावात शिरताना आपल्या येण्याची वर्दी द्यावी लागे. वाड्यासमोर वाकून ‘जोहार’ घालावा लागे. दिवसातून अनेक वेळा, पिढ्यान् पिढ्या, स्वतःच्याच तोंडून स्वतःचे हीनत्व वदवून घेण्याची ही व्यवस्था होती. शिवी देणारा दुसरा असतो, तेव्हा तिचा प्रतिकार करता येतो. ती आपल्याच जिभेवर बसवली गेली, म्हणजे ती शिवी आहे हेही विसरायला होते.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात केलेला एक प्रयोग या ठिकाणी सांगण्यासारखा आहे. सहावी-सातवीतील मुलांना कागदावरील भूलभुलैये सोडवण्यास दिले. मुलांची जात उघड केलेली नव्हती, तेव्हा वरिष्ठ मानल्या गेलेल्या आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. दुसऱ्या खेपेस प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडिलांचे व आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखवली. तेवढ्याने कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. कागद तसाच होता, पेन्सिल तीच होती, मुलांची बुद्धीही तीच होती. मध्ये फक्त एक वाक्य उच्चारले गेले होते. हे निष्कर्ष २००६ साली अर्थशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे आपल्या शाळेतील आजच्या विद्यार्थ्यांचे आईवडील तेव्हा स्वतः शाळा-महाविद्यालयांत होते. इतके हे ‘जुने’ आहे.

या उलट्या स्वयंसूचनेला सुलट करण्याचे काम आपल्याकडे फार पूर्वी सुरू झाले. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध झाला. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली, मांग समाजातील, जेमतेम चौदा वर्षांची ही मुलगी. तिने आपल्या लोकांची दुःखे स्वतःच्या शब्दांत मांडली. तिच्या लेखनात स्वतःचे गोडवे नाहीत. आमच्यावर काय होत आहे ते आम्हीच सांगू, एवढाच त्यातील निर्धार आहे. आणि आमच्या मते आत्मसन्मानाची सुरुवात नेमकी तिथे होते. जे आहे ते पाहण्याचे व सांगण्याचे धैर्य ज्याच्यापाशी आले, त्याचे अर्धे हीनत्व त्याच क्षणी गळून पडते.

पुढे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे काम एका चळवळीच्या उंचीवर नेले. महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांसमोर केलेले भाषण प्रसिद्ध आहे. अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या, नीटनेटक्या राहा, मुलींना शिकवा, असा त्यांचा उपदेश होता. वरवर पाहता ही पेहरावाची गोष्ट. परंतु अंगावरचे वस्त्र हेही दिवसभर स्वतःला ऐकू येणारे वाक्यच असते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. ‘जोहार’च्या जागी ‘जय भीम’ आले. या अभिवादनाचे श्रेय कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांना दिले जाते. एक शब्द गेला आणि दुसरा आला, एवढाच हा बदल नव्हता. पहिला उच्चारताना कंबर वाकत असे, दुसरा उच्चारताना मान वर होते.

आमच्या आजोबांची एक आठवण येथे नमूद करतो. मराठवाड्यातील आमच्या खेड्यात त्यांच्याकडे येसकरीची पाळी असे. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर वर्षभरातच तालुक्याच्या ठिकाणी त्यांनी दीक्षा घेतली. परंतु गावात परतल्यावर ‘जय भीम’ हा शब्द तोंडातून काही केल्या बाहेर पडेना. पन्नास वर्षांची सवय जिभेला होती. आजोबा सांगत की, पहाटे ओढ्याकडे जाताना आसपास कोणी नाही असे पाहून ते मोठ्याने ‘जय भीम’ म्हणून पाहत. आधी आवाज चोरटा येई, मग थोडा मोकळा झाला. असे कित्येक दिवस गेले. एके दिवशी वेशीपाशी समोरून येणाऱ्या भावकीतल्या माणसाला त्यांनी चारचौघांत तो शब्द घातला आणि त्यानेही तोच परत दिला. आजोबा म्हणायचे, “बाबा, त्या दिवशी माझाच आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.” स्वयंसूचनेवरील कोणतेही पुस्तक आजोबांनी वाचलेले नव्हते, त्यांना अक्षरओळखही नव्हती. तरी सरावाने शब्द कसा आपलासा करावा आणि तो दुसऱ्या माणसाच्या प्रतिसादाने कसा पक्का होतो, हे त्यांना कळले होते. आजोबांचे नाव कचरू होते. आमच्या पिढीत घराण्यात पहिल्यांदा राहुल, सुजाता, मिलिंद अशी नावे ठेवली गेली. ही नावे ठेवताना आमच्या वडीलधाऱ्यांनी काय केले, हे आता आमच्या ध्यानात येते. मुलाला कोणीही हाक मारली, तरी प्रत्येक हाकेसरशी त्याच्या कानावर सन्मान पडावा, अशी कायमची सोय त्यांनी करून ठेवली.

नावाचे मोल आपल्या मराठवाड्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. आम्ही एम.ए. झालो, तेव्हा आमच्या पदवीपत्रावर मराठवाडा विद्यापीठ असे नाव होते. आमच्या धाकट्या भगिनीच्या पदवीपत्रावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे आहे. विधिमंडळाचा ठराव १९७८ च्या जुलैचा, प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत आपल्या माणसांची घरे जळाली, रक्त सांडले. कागदावरील एका नावासाठी एवढी किंमत का मोजावी लागली, असे आजचे विद्यार्थी आम्हास विचारतात. आम्ही त्यांना सांगतो, की ज्यांनी ती वसूल केली त्यांनाही नावाचे सामर्थ्य ठाऊक होते.

आता शाळेकडे वळतो. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात शहरातून आलेल्या प्रशिक्षकांनी आपल्या मुलांना अशी वाक्ये शिकवली. ‘मी अत्यंत हुशार आहे’, ‘माझ्यासाठी काहीच अशक्य नाही’, ‘मी नेहमी आनंदी असतो.’ सभागृह दणाणून गेले. मुलांना आरडाओरड्याची मुभा मिळाली होती, त्यामुळे ती खूश होती. आठवीतील एक मुलगी मात्र ओठ मिटून बसली होती. सायंकाळी अभ्यासिकेत ती आमच्याजवळ आली आणि म्हणाली, “सर, गणितात मला पस्तीसपैकी सात मार्क पडलेत. माझे बाबा उसाच्या तोडीवर गेलेत, मला रोज रात्री रडू येतं. मी नेहमी आनंदी असते असं कसं म्हणू? सकाळी वंदनेत आपण खोटं बोलणार नाही म्हणतो ना?”

तेरा वर्षांच्या मुलीने चौथ्या शीलाचा आधार घेऊन संपूर्ण शिबिरावर ठेवलेले हे बोट होते. पुढे वाचनात आले की, तिची शंका मानसशास्त्रालाही मान्य आहे. कॅनडातील जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, आपण प्रेमास पात्र आहोत अशा अर्थाचे वाक्य काही जणांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले होते. ज्यांचा आत्मसन्मान मुळातच भक्कम होता, त्यांना थोडे बरे वाटले. ज्यांचा आत्मसन्मान खालावलेला होता, त्यांना आधीपेक्षा वाईट वाटले. याचा उलगडा अवघड नाही. मनाला न पटणारे मोठे वाक्य आपण उच्चारले की, मन आतून त्याची साक्षी-पुरावे तपासू लागते, आणि मग नको असलेले सारे पुरावे एकेक करून समोर येतात. ज्याला औषधाची सर्वाधिक गरज, त्यालाच ते बाधते, असा हा प्रकार आहे.

मग आपल्या परंपरेत यावर काही मार्ग आहे काय? आम्हास तो दोन ठिकाणी आढळला. पहिले ठिकाण मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्त. प्रसूतीच्या वेदनांनी तळमळणारी एक स्त्री पाहून अंगुलिमालाला करुणा आली. तथागतांनी त्याला तिच्याजवळ जाऊन एक सत्य उच्चारण्यास सांगितले. जन्मापासून आपण जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही, या सत्याच्या बळावर तुझे कल्याण होवो, अशा अर्थाचे ते वाक्य होते. अंगुलिमाल म्हणाला की, हे तर माझ्याकडून असत्य होईल, मी अनेकांचे प्राण घेतले आहेत. तेव्हा तथागतांनी वाक्य दुरुस्त करून दिले: आर्य जन्म लाभल्यापासून, म्हणजे संघात आल्यापासून, आपण तसे केलेले नाही. या कथेतील चमत्काराचा भाग आम्ही बाजूला ठेवतो. बाबासाहेबांनी दिलेल्या विवेकदृष्टीने तो ठेवावाच लागतो. आम्हास महत्त्वाचा वाटतो तो शिष्याचा नकार आणि शास्त्याची दुरुस्ती. दुसऱ्याच्या कल्याणासाठीसुद्धा खोटे वाक्य चालत नाही. परंतु ज्याचा भूतकाळ रक्ताने माखलेला आहे, त्याच्यासाठीही बळ देणारे एक खरे वाक्य सापडू शकते. ते शोधून द्यावे लागते, आणि ते शोधून देणे हे शिक्षकाचे काम आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे आपण रोज म्हणतो ते पंचशील. ‘समादियामि’ या पदाचा अर्थ मुलांना आम्ही आवर्जून समजावून सांगतो. ‘मी असा आहे’ असे ते पद सांगत नाही. ‘मी हे शिक्षापद ग्रहण करतो’ असे सांगते. प्रत्येक शील हे शिक्षापद आहे, म्हणजे शिकण्याचे पाऊल. आज चुकले तर उद्या पुन्हा ग्रहण करण्याची मुभा त्यातच आहे. म्हणून पंचशील म्हणताना कोणत्याही मुलाला खोटे बोलल्यासारखे वाटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांचीही घडण अशीच आहे. त्या साऱ्या ‘मी’ या कर्त्याने बोलायच्या आहेत. काय मानणार नाही, काय करणार नाही, काय आचरणार, हे त्यांत निश्चित केले आहे. सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची आणि समता प्रस्थापित करण्यासाठी प्रयत्न करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. आपण श्रेष्ठ आहोत, असे एकाही प्रतिज्ञेत म्हटलेले नाही. श्रेष्ठत्वाच्या भाषेनेच ज्यांना चिरडले होते, त्यांच्या हाती बाबासाहेबांनी पुन्हा श्रेष्ठत्वाची भाषा दिली नाही, हा त्यांच्या द्रष्टेपणाचा फार मोठा पुरावा आहे, असे आम्हास वाटते.

या विचारातून आपल्या वसतिगृहात एक साधा उपक्रम सुरू झाला. मुलांनी त्याला ‘सत्यवही’ असे नाव दिले. सायंकाळच्या वंदनेनंतर दहा मिनिटे प्रत्येकाने आपल्या वहीत तीन वाक्ये लिहायची. पहिले, आज मी खरोखर काय केले. दुसरे, उद्या मी काय करण्याचा प्रयत्न करीन. तिसरे, मला काय महत्त्वाचे वाटते किंवा मी कोणासोबत उभा आहे. वही कोणी तपासत नाही. ज्याला दाखवावीशी वाटेल, त्याने दाखवावी. मुलांच्या संमतीने त्यांतील काही वाक्ये येथे देतो.

“आज अपूर्णांकांची बेरीज तीनदा चुकली, चौथ्यांदा आली.”

“आज मी पंगतीत सगळ्यांना वाढलं आणि शेवटी जेवलो. वरण संपलं होतं, पण मला राग आला नाही.”

“उद्या मी इंग्रजीच्या तासाला एकदा तरी हात वर करीन.”

“आज आईला फोनवर खोटं सांगितलं नाही की मी बरी आहे. ताप आहे असं सांगितलं. तिला बरं वाटलं की मी सांगितलं.”

यांतील एकही वाक्य भित्तिपत्रकावर लावण्यासारखे नाही. पण प्रत्येक वाक्यापाशी पुरावा आहे, आणि इतिहासाच्या शिक्षकाला पुराव्याची किंमत कळते. वर्षाअखेरीस मूल आपली वही चाळते, तेव्हा त्याच्यासमोर दोनशेहून अधिक खऱ्या गोष्टींचा दस्तऐवज असतो. कोणी म्हणाले, की तुझ्याने काही होत नाही, तर उत्तर देण्यासाठी त्याला ओरडावे लागत नाही. ओठ मिटून बसलेल्या त्या मुलीच्या वहीतील पहिले वाक्य होते, “आज मी सरांना प्रश्न विचारला.” त्या दिवसापुरते ते पूर्ण सत्य होते आणि पुरेसे होते. गणितात तिला पुढे फार मोठे गुण मिळाले, असे आम्ही सांगणार नाही. ती उत्तीर्ण झाली. आज ती एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे.

तिसऱ्या वाक्याविषयी थोडे अधिक सांगतो. अमेरिकेतील जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी एका शाळेत सातवीच्या विद्यार्थ्यांकडून, स्वतःला महत्त्वाची वाटणारी मूल्ये कोणती आणि का, याविषयी छोटे लेखन करवून घेतले होते. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची श्रेणी त्यानंतर सुधारली आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेले त्यांचे अंतर सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. पुढे इतरत्र झालेल्या प्रयोगांत परिणाम सर्वत्र सारखा दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरी त्यातील सूत्र आम्हास पटते. परीक्षेतील गुणांखेरीजही आपली ओळख आहे, आपली मूल्ये आहेत, आपली माणसे आहेत, याची आठवण असलेले मूल एका अपयशाने मोडून पडत नाही. झाडाला एकच मूळ असले तर ते एका घावात उन्मळते.

आपला एक माजी विद्यार्थी पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला होता. वसतिगृहाच्या खोलीत मित्रांनी त्याला प्रवेश परीक्षेतील गुण विचारले आणि मग ‘म्हणजे कोट्यातून’ असे म्हणून ते हसले. त्याने त्याच रात्री आम्हास फोन केला. तो म्हणाला, “सर, मी त्यांना म्हटलं, हो, मी आरक्षणातून आलो आहे. ते माझ्या संविधानानं दिलं आहे. माझ्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच आहे, आणि मी इथं अभ्यास करायला आलो आहे. एवढंच बोललो. आवाज थरथरत होता, पण बोललो.” दुसऱ्या दिवसापासून त्यांतील एक मुलगा त्याच्यासोबत जेवायला येईनासा झाला, दुसरा मात्र खोलीवर येऊन माफी मागून गेला. चार वर्षांनी आपला विद्यार्थी पदवीधर झाला. ‘मी सर्वोत्तम आहे’ हे वाक्य त्या रात्री त्याच्या कामी आले नसते. चार खरी वाक्ये कामी आली, कारण ती कोणी खोडून काढू शकत नव्हते.

येथे एक इशारा देणे कर्तव्य समजतो. स्वतःशी नीट बोलायला शिकणे आवश्यक आहे, परंतु ते न्यायाला पर्याय नाही. आजकाल असेही सांगितले जाते की, माणूस गरीब राहतो तो त्याच्या विचारांमुळे, अपमान होतो तो मनाला लावून घेतल्यामुळे. हा कर्मविपाकाच्या जुन्या सिद्धान्ताचाच नवा अवतार आहे. दोष पुन्हा सोसणाऱ्याच्याच माथी. २०१६ साली हैदराबादमध्ये रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. सकाळी आरशासमोर चार वाक्ये म्हटली असती तर ही मुले वाचली असती, असे कोणी म्हणत असेल, तर तो त्यांचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे. ज्या संस्थांमध्ये आपली मुले जातात, त्या संस्थांनीही स्वतःविषयी सत्यवाक्ये लिहिण्याची गरज आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण याबाबत कायम डोळ्यांसमोर असावे. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ‘हे पाणी आमचेही आहे’, हे त्या कृतीतून उच्चारलेले वाक्य होते. ते उच्चारून ते थांबले नाहीत. खटला लढवला, कागदपत्रे जमवली, साक्षी झाल्या, आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. एका खऱ्या वाक्याला समाजात उभे राहण्यासाठी दहा वर्षे आणि अनेकांचे हात लागले. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय, जे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाते, अशा संस्था त्यांनी उभ्या केल्या. आपण शिकू शकतो, हे वाक्य त्यांनी विटा-चुन्यात बांधून दिले. आपली ही शाळाही त्याच वाक्याचा एक लहानसा खंड आहे.

पालक बंधुभगिनींना आमची विनंती आहे की, रविवारी मुलाचा फोन आला, म्हणजे ‘किती मार्क पडले’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘या आठवड्यात नवीन काय जमलं?’ असे विचारून पाहावे. ‘तू आमचा राजा आहेस’ या कौतुकाला आमची हरकत नाही, पण ‘तू न सांगता धाकट्या भावाचा अभ्यास घेतलास, ते मी पाहिलं’ हे वाक्य मुलाच्या जवळ अधिक काळ राहते. शेजारच्या मुलाशी तुलना टाळावी. मुलाला सुंदर नाव ठेवले आहे, तर ते मोडून न टाकता पूर्ण उच्चारावे. स्वतःविषयी ‘आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतं’ असे मुलांसमोर बोलू नये. आपण ऊस तोडून, विटा थापून, धुणीभांडी करून मुलाला शिकवले, हे त्याच्या सत्यवहीतील सर्वांत मोठे वाक्य आहे. ते आपल्याच तोंडाने खोडू नये.

माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे की, वर्षातून एक संध्याकाळ या वसतिगृहाला द्या. यशाची भाषणे नकोत, ती मुलांना भिंतीवरच्या तसबिरीसारखी दूरची वाटतात. तुम्ही कोठे अडखळलात, पहिल्या नोकरीत कोणता प्रश्न ऐकून घसा कोरडा पडला, पुन्हा कसे उभे राहिलात, ते सांगा. आमच्या आजोबांना ओढ्याकाठी एकट्याने सराव करावा लागला होता. या मुलांना तो एकट्याने करावा लागू नये.

बौद्ध परंपरेत मैत्री भावनेची सुरुवात स्वतःपासून करण्याची रीत आहे. प्रथम स्वतःचे कल्याण चिंतावे, मग जिवलगांचे, मग तटस्थांचे, मग वैर धरणाऱ्यांचे, आणि शेवटी सर्व प्राणिमात्रांचे. स्वतःला वगळून जगावर मैत्री करता येत नाही, आणि स्वतःपाशीच थांबलेली मैत्री ही मैत्री नव्हे. आत्मसन्मानाचेही तसेच आहे. मूल आधी ‘मी’ म्हणायला शिकते. तो ‘मी’ खरा असेल, तर त्याला ‘आम्ही’ म्हणताना संकोच वाटत नाही आणि ‘आपण’ म्हणताना भीती वाटत नाही. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वहीत हे तिन्ही शब्द त्याच्या स्वतःच्या अक्षरात असावेत, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

जय भीम! नमो बुद्धाय!